कार्ल रॉजर्स : ऐकायला शिकवणारा माणूस

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, निर्गुडा नदीच्या काठी वसलेले वणी हे गाव पांढऱ्या आणि काळ्या सोन्यासाठी, म्हणजे कापूस आणि कोळशासाठी ओळखले जाते. इंग्रजी अमदानीत 1905 पर्यंत सबंध जिल्ह्यालाच वणीचे नाव होते. लोकनायक बापूजी अणे यांचे हे जन्मगाव. गेल्या दोन-अडीच दशकांत मात्र या परिसराची आठवण बाहेरच्या जगाला होते ती बहुधा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून. राज्य सरकारने 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यांत यवतमाळचा समावेश होता. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन विचारपूस करायची, मन कशात लागते का, उदास वाटते का हे विचारायचे आणि ज्याच्या उत्तराने काळजी वाटेल त्याला समुपदेशकापर्यंत पोहोचवायचे, अशी त्याची रचना.

कागदावर ही रचना सोपी दिसते. प्रत्यक्षात एक क्षण असा येतो की, ज्याला प्रश्न विचारला तो माणूस बोलता बोलता थांबतो, मान खाली घालतो आणि त्याचे डोळे भरून येतात. त्या क्षणी समोरच्याने काय करायचे? आपल्याकडची रीत ठरलेली आहे. धीर द्यायचा, सगळे ठीक होईल म्हणायचे, शेजारच्या गावातील आणखी मोठ्या दुःखाचे उदाहरण सांगायचे, नाहीतर सरळ उपदेश करायचा. हेतू चांगला असतो. पण बहुतेक वेळा त्यामागे ऐकणाऱ्याची स्वतःचीच अस्वस्थता असते. समोरच्याचे रडणे त्याला पाहवत नाही, म्हणून तो ते थांबवतो. समुपदेशकाच्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग या अर्ध्या मिनिटाचा असतो. तो शिकवता येतो का आणि येत असेल तर कसा, या एका प्रश्नावर ज्याने आयुष्य घालवले तो माणूस योगायोगाने शेतावरच वाढला होता आणि महाविद्यालयात गेला तोही शेतीशास्त्र शिकायला. त्याचे नाव कार्ल रॅन्सम रॉजर्स.

रॉजर्स यांचा जन्म 8 जानेवारी 1902 रोजी अमेरिकेत शिकागोलगतच्या ओक पार्क या उपनगरात झाला. सहा भावंडांतले ते चौथे. वडील स्थापत्य अभियंता, घरची सुबत्ता चांगली. पण घर कडव्या प्रॉटेस्टंट शिस्तीचे. दारू, पत्ते, नाच, नाटक यांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. साध्या सोडा-लेमनची पहिली बाटली पितानाही आपल्या हातून काही पाप घडते आहे असे वाटल्याची आठवण त्यांनी उतारवयात नोंदवून ठेवली आहे. आईवडिलांचे मुलांवर प्रेम नव्हते असे नाही. परंतु मनात आलेले बोलून दाखवण्याची त्या घरात सोय नव्हती. राग, भीती, हट्ट, आनंदाचे उधाण, सारे सौम्यपणे आणि न बोलता दाबले जाई. सहापैकी तीन भावंडांना पोटात व्रण झाले, कार्ल त्यांपैकी एक. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी स्वतःच पुढे जोडला.

मुले शहराच्या मोहापासून दूर राहावीत, या विचाराने कार्ल 12 वर्षांचे असताना वडिलांनी शिकागोच्या पश्चिमेला शेत घेतले आणि कुटुंब तिकडे नेले. मित्र कमी, कामे पुष्कळ. या एकाकी मुलाला रात्रीच्या पतंगांचा नाद लागला. सुरवंट आणायचे, कोष जपायचे, फुलपाखराच्या जातीचा तो मोठा पतंग बाहेर पडेपर्यंत महिनोन्महिने वाट पाहायची. वडिलांना शेती शास्त्रशुद्ध हवी होती, म्हणून घरात कृषिविषयक ग्रंथ येत. मॉरिसन यांचा पशुखाद्यावरचा जाडजूड ग्रंथ कार्लने 14 व्या वर्षीच वाचून काढला. एका गोठ्यातील जनावरांना एक खाद्य, दुसऱ्यांना वेगळे, मग वजनांची तुलना, हे प्रयोगाचे तंत्र त्यांना मानसशास्त्राच्या कुठल्याही वर्गाआधी अशा रीतीने कळले होते. पुढे मानसोपचारासारख्या धूसर विषयात हा माणूस मोजमाप आणि पुरावा मागत राहिला, त्याचे मूळ या गोठ्यात आहे.

1919 मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतीशास्त्रासाठी दाखल झाले. दोन वर्षांत मन धर्मकार्याकडे वळले आणि 1922 मध्ये जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी पेकिंगला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांत त्यांची निवड झाली. बोटीचा प्रवास, निराळे देश, निराळ्या श्रद्धेची माणसे... सहा महिन्यांहून अधिक काळ ते घराबाहेर होते. या प्रवासात आपले बदलते विचार ते घरी प्रामाणिकपणे लिहीत राहिले. पण पत्र पोहोचून उत्तर येईपर्यंत दोन-दोन महिने जात. आईवडिलांचा धक्का आणि नाराजी त्यांच्यापर्यंत पोहोचली तोवर मुलगा आपल्या वाटेने बराच पुढे गेलेला होता. टपाल संथ असण्याचे असेही उपकार असतात!

1924 मध्ये बालमैत्रीण हेलन एलियट हिच्याशी विवाह करून ते न्यूयॉर्कला आले आणि युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकू लागले. तेथे विद्यार्थ्यांच्या एका गटाने शिक्षकाविना, केवळ स्वतःच्या प्रश्नांवर चालणारा वर्ग मागितला आणि नवल म्हणजे संस्थेने तो मान्य केला. त्या वर्गात प्रामाणिकपणे विचार करता करता अनेक जण धर्मसेवेतूनच बाहेर पडले. रॉजर्स त्यांपैकी एक. ते जवळच्याच कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात गेले आणि 1931 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

तत्पूर्वी 1928 मध्येच त्यांनी रॉचेस्टर येथे बालकांवरील अत्याचार रोखणाऱ्या एका संस्थेत नोकरी धरली होती. चोऱ्या करणारी, पळून जाणारी, मारहाण सोसलेली मुले त्यांच्याकडे येत. पगार वर्षाला 2900 डॉलर आणि संशोधकांच्या वर्तुळापासून कोसभर लांबची जागा. या आडबाजूला त्यांनी 12 वर्षे काढली आणि त्यांच्या आयुष्यातील निर्णायक धडा त्यांना येथे मिळाला. तो देणारी व्यक्ती कोणी नामांकित मानसशास्त्रज्ञ नव्हती.

एका मुलाच्या वागण्यामुळे बेजार झालेली आई त्यांच्याकडे येत असे. मुलाला लहानपणी तिने मनोमन नाकारले, त्यातून हे सारे उद्भवले, असे निदान रॉजर्स यांनी केले होते आणि ते हळुवारपणे तिच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न अनेक भेटींत चालवला होता. तिला ते पटत नव्हते. अखेर आपला उपाय फसला असे त्यांनी मान्य केले, दोघांनी निरोप घेतला. दारापर्यंत गेलेली ती बाई वळली आणि येथे मोठ्या माणसांनाही सल्ला मिळतो का, असे तिने विचारले. मिळतो म्हटल्यावर ती परत येऊन खुर्चीवर बसली आणि आपल्या संसाराची, नवऱ्याशी तुटलेल्या संवादाची, अपयशाची कहाणी तिने ओतायला सुरुवात केली. त्यात पूर्वी लिहून घेतलेल्या कोरड्या केस-हिस्टरीचा मागमूस नव्हता. काय करावे हे न सुचून रॉजर्स ऐकत राहिले. पुढच्या कित्येक भेटींत तिचा संसार सावरला आणि मुलाचे वागणेही. कुठे दुखते आहे आणि कोणत्या दिशेने जायला हवे हे त्या माणसालाच ठाऊक असते, आपली हुशारी मिरवायची नसेल तर त्याच्या मागून चालावे, हा बोध त्यांनी या अनुभवातून घेतला.

याच सुमारास ऑटो रँक या फ्रॉइडच्या एकेकाळच्या सहकाऱ्याच्या विचारांशी त्यांची गाठ पडली. रँक यांच्या परंपरेत शिकलेल्या एका समाजकार्यकर्तीने त्यांना एक गोष्ट दाखवून दिली. माणूस जे शब्द बोलतो त्यांच्यामागे कोणती भावना आहे ते टिपायचे आणि तेवढेच त्याला परत बोलून दाखवायचे. शेतकरी पाऊस, बियाणे, सावकार, मुलीचे लग्न असे दहा विषय बोलतो. त्या दहांच्या तळाशी आपण कुणाच्या कामाचे उरलो नाही ही एकच भावना असू शकते. तपशिलांना उत्तरे देत बसले की ती भावना निसटते. रॉजर्स यांच्या साऱ्या पद्धतीचे बीज येथे आहे आणि ते आपल्याला एका सामाजिक कार्यकर्तीकडून मिळाले हे सांगण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही.

1940 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने त्यांना थेट प्राध्यापकपद दिले. रॉचेस्टरमध्ये जे हाताने जमत होते ते आता विद्यार्थ्यांना शब्दांत समजावून सांगायचे होते. ते सांगता सांगता आपण काही नवे बोलत आहोत हे त्यांना उमगले. 11 डिसेंबर 1940 रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी दिलेल्या व्याख्यानाने एवढी खळबळ माजली की, आपल्या उपचारपद्धतीचा जन्मदिवस म्हणून ते पुढे हीच तारीख सांगत. सल्ला देणे, समजावणे, अर्थ लावून दाखवणे या प्रस्थापित रीतींवर त्यांनी तेथे टीका केली होती आणि श्रोत्यांमध्ये त्याच रीतींचे पुरस्कर्ते बसले होते.

या काळातील त्यांची खरी क्रांती मात्र तत्त्वज्ञानाची नव्हे, यंत्राची होती. मानसोपचाराच्या बंद खोलीत काय घडते हे तोवर कोणालाच नेमके माहीत नसे. उपचारक नंतर आठवून जे लिहील तेच सत्य. आणि आठवण ही मोठी चतुर गोष्ट असते. ती आपली चूक गाळते, आपले शहाणपण फुगवते. रॉजर्स आणि त्यांचे विद्यार्थी संमती घेऊन मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करू लागले. टेपरेकॉर्डर आलेले नव्हते. तबकडी काही मिनिटांतच भरून जाई, म्हणून दोन यंत्रे आलटून-पालटून चालवावी लागत. मग त्या मुद्रणावरून शब्दन्‌शब्द उतरवून काढायचा. 1942 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी' या ग्रंथात हर्बर्ट ब्रायन हे टोपणनाव दिलेल्या व्यक्तीच्या आठही भेटी अशा संपूर्ण छापल्या गेल्या. सबंध उपचार अक्षरशः जसाच्या तसा जगापुढे येण्याची ही पहिली वेळ.

या मुद्रणांनी शिकणाऱ्यांची झोप उडवली. आपण किती बोलतो हे त्यांना प्रथमच ऐकू आले. त्यांच्या एका विद्यार्थ्याने मोजणी केली तेव्हा असे दिसले की, मार्गदर्शन करण्यावर भर देणारे समुपदेशक भावना ऐकणाऱ्यांपेक्षा जवळजवळ सहापट शब्द खर्च करत होते; बोलायला आलेल्यापेक्षा ऐकायला बसलेलाच अधिक बोलत होता. समोरच्याने आईच्या मृत्यूचा विषय काढला आणि समुपदेशकाने तेवढ्यात नोकरीविषयी विचारले, असे प्रसंग तबकडीवर लपत नसत. भाषण ठोकून जे शिकवता आले नसते ते स्वतःचाच आवाज ऐकून विद्यार्थी शिकू लागले. आज जगभर समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांत मुद्रित भेटींवर चर्चा होते, तिची ही सुरुवात.

उपचारासाठी येणाऱ्याला रुग्ण म्हणणेही त्यांनी सोडले. वकिलाकडे जाणाऱ्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, आपल्याकडचा अशील, तोच त्यांनी उचलला. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यासाठी सल्लार्थी असा शब्द रूढ झाला. गंमत अशी की, ज्याला सल्ला द्यायचा नाही असा ज्या पद्धतीचा आग्रह, तिच्यातल्या माणसाला आपण सल्लार्थी म्हणतो. असो.

दुसरे महायुद्ध संपले आणि रणांगणावरून परतलेल्या हजारो सैनिकांच्या मनाचा प्रश्न अमेरिकेपुढे उभा राहिला. 1945 मध्ये रॉजर्स शिकागो विद्यापीठात गेले होते आणि तेथे त्यांनी समुपदेशन केंद्र काढले होते. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याने या केंद्राकडे समुपदेशक थोड्या काळात तयार करून देण्याची मागणी केली. येणारे सारे पदव्युत्तर पदवीधर. पुस्तकी ज्ञानाला तोटा नव्हता. तरीही केवळ वर्गातील शिकवण्याने या माणसांना सैनिकाचे दुःख पेलता येणार नाही, अशी रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची खात्री होती. म्हणून 1946-47 मध्ये त्यांनी एक प्रयोग केला. प्रशिक्षणार्थींनी दररोज काही तास एका गटात बसायचे आणि रुग्णांविषयी नव्हे, स्वतःविषयी बोलायचे. आपल्याला कशाचा राग येतो, कोणाचे रडणे सहन होत नाही, कोणत्या विषयावर आपण घाईने उत्तर देतो, हे तेथे बाहेर येई. ज्याला स्वतःच्या भावनेची भीती वाटते तो दुसऱ्याच्या भावनेजवळ बसू शकत नाही, हे या प्रयोगामागचे गृहीत. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत ज्या गटभेटींची लाट आली तिचा एक उगम या वर्गात होता.

हे गृहीत रॉजर्स यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत मांडले होते. त्याची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागली ती 1949 नंतरच्या दोन-एक वर्षांत. मानसिकदृष्ट्या अतिशय खचलेली एक स्त्री त्यांच्याकडे उपचार घेत होती. तिच्या मागण्या वाढत गेल्या, भेटी वाढत गेल्या आणि तिचे दुःख कोठे संपते व आपले मन कोठे सुरू होते ही सीमारेषाच रॉजर्स यांच्यापुरती पुसली गेली. तिला दुसऱ्याकडे सोपवायला हवे हे त्यांना कळत होते. पण तसे करणे म्हणजे तिचा विश्वासघात, या विचाराने ते अडून बसले. अखेर आपण कोसळणार असे वाटले तेव्हा त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञ सहकाऱ्याला बोलावून अवघ्या काही मिनिटांत तिची सूत्रे त्याच्याकडे दिली आणि पत्नीला घेऊन ते गाव सोडून निघून गेले. त्या स्त्रीची अवस्था काही तासांतच आणखी ढासळली. दोन-तीन महिने हे पतिपत्नी प्रवासात होते. परतल्यावर आपण उपचारक म्हणून अपात्र आहोत, किंबहुना माणूस म्हणूनच आपल्याला कोणी आपले मानणार नाही, या भावनेने त्यांना घेरले. जगाला विनाअट स्वीकाराचा मंत्र देणाऱ्या माणसाला आपण कोणाला आवडू शकतो यावर विश्वास नव्हता! लोकांना आपले काम आवडते, आपण नव्हे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्याच केंद्रातील एका तरुण सहकाऱ्याने मदतीचा हात पुढे केला आणि गुरूने शिष्याकडून उपचार घेतले.

ही हकिगत त्यांनी लपवली नाही, म्हणूनच ती आज सांगता येते. उपचारकाच्या प्रशिक्षणाच्या दृष्टीने तिचे मोल त्यांच्या अनेक सिद्धान्तांहून अधिक ठरावे. येथे त्यांची चूकही नजरेआड करता येत नाही. भावना ऐकण्याचे सामर्थ्य त्यांच्याकडे होते. कोठे थांबायचे, वेळेवर कोणाकडे सोपवायचे, आपल्यावर कोणाची देखरेख असावी, याची व्यवस्था त्यांच्याकडे नव्हती. त्या बाईने त्याचा भार सोसला.

1951 मध्ये 'क्लायंट-सेंटर्ड थेरपी' प्रसिद्ध झाले. 1957 च्या एका निबंधात त्यांनी माणूस बदलण्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यांतील तीन जगभर गाजल्या. उपचारक आतबाहेर एकच असावा, त्याने समोरच्याचा विनाअट स्वीकार करावा आणि समोरच्याचे जग त्याच्या जागी जाऊन, पण आपण तो नव्हे हे भान न सोडता अनुभवावे. या तिसऱ्या गोष्टीला मराठीत समानुभूती म्हणतात. त्या भानावरचा जोर पाहिला की शिकागोतील त्या प्रसंगाची आठवण होते. मधल्या काळात, 1956 मध्ये, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने वैज्ञानिक योगदानाचा विशेष पुरस्कार प्रथमच दिला, तेव्हा वोल्फगांग क्योलर आणि केनेथ स्पेन्स यांच्याबरोबर रॉजर्स यांचेही नाव होते. प्रयोगशाळेतील मानसशास्त्रज्ञांनी आपल्याला आपले मानले, या आनंदाने त्यांना रडू कोसळले.

विस्कॉन्सिनमधील पुढची वर्षे त्या मानाने कष्टाची गेली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर आपली पद्धत आजमावण्याचा मोठा प्रकल्प त्यांनी हाती घेतला. त्यात सहकाऱ्यांत बेबनाव झाला, संशोधनाची माहिती गहाळ झाली, पुन्हा काम करावे लागले आणि निष्कर्ष अपेक्षेइतके उजळ निघाले नाहीत. मात्र त्यातून एक सूक्ष्म गोष्ट हाती आली. माणूस आपल्या भावनेविषयी लांबून, बातमी सांगितल्यासारखे बोलतो की ती त्या क्षणी अनुभवत शब्द शोधतो, यावर उपचाराचे फळ बरेच अवलंबून असते. त्यांचे सहकारी यूजीन जेंडलिन यांनी हा धागा पुढे नेला. दरम्यान 1961 मध्ये 'ऑन बिकमिंग अ पर्सन' निघाले आणि रॉजर्स हे नाव मानसशास्त्राच्या बाहेरील सामान्य वाचकांच्या घरात पोहोचले.

1965 मध्ये आलेल्या एका शैक्षणिक चित्रपटाने त्यांचा चेहराही सर्वांना ओळखीचा केला. ग्लोरिया नावाची एक तरुण घटस्फोटिता एकाच दिवशी तीन उपचारकांना भेटते: कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. मराठी वाचकाला एलिस यांचा विवेकनिष्ठ उपचार अधिक परिचित आहे. विचार बदला, भावना बदलेल, असा त्यांचा खाक्या. रॉजर्स मात्र अर्ध्या तासात तिला जवळजवळ काहीच सांगत नाहीत. तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर हवे म्हणून ती आग्रह धरते, चिडते, हसते आणि अखेरीस वडिलांकडून जे मिळाले नाही त्याची हळहळ तिच्या तोंडून बाहेर पडते. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ही फीत पाहत आले आहेत. ग्लोरियाने त्यांच्याशी आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1979 पर्यंत, पत्राने संबंध ठेवला होता.

प्रसिद्धीबरोबर विडंबनही आले. समोरच्याचे वाक्य उलटवून परत बोलायचे की झाला रॉजर्सचा उपचार, असा समज पसरला आणि अनेक प्रशिक्षण वर्गांनीही तो मुकाट्याने स्वीकारला, कारण वाक्य उलटवणे शिकवायला सोपे असते. 1966 मध्ये एमआयटीतील जोसेफ वायझेनबाऊम यांनी एलायझा नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो नेमके हेच करी. यंत्राला काडीचेही कळत नव्हते, तरी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली आणि खुद्द वायझेनबाऊम हादरले. मोबाइलवर बोलक्या यंत्रांशी तासन्‌तास सुखदुःख बोलणाऱ्या आजच्या पिढीला ही घटना जुनी वाटू नये. रॉजर्स या नक्कलेने एवढे व्यथित झाले की, काही वर्षे त्यांनी समानुभूतीने ऐकण्याविषयी बोलणेच कमी केले. 1975 मध्ये त्यांनी पुन्हा त्यावर लिहिले आणि 1986 मध्ये स्पष्ट केले की, आपण भावनेचा आरसा धरत नव्हतो. मला जे समजले ते बरोबर आहे का, हे प्रत्येक वाक्यागणिक विचारून पाहत होतो. हा फरक मोठा आहे. आरसा कधी चुकत नाही. विचारणारा माणूस चुकतो, सुधारतो आणि त्यातून समोरच्यालाही आपली भावना नेमकी कळते.

1964 पासून ते कॅलिफोर्नियातील ला होया येथे राहिले. उत्तरायुष्यात त्यांनी आपली पद्धत उपचाराच्या खोलीतून काढून भांडणाऱ्या समाजांपुढे ठेवली. 1972 मध्ये बेलफास्टचे काही प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक त्यांच्या गटात एकत्र बसले, 1982 मध्ये वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत काळे-गोरे बसले, 1986 मध्ये ते सोव्हिएत संघात मॉस्को आणि तिबिलिसी येथे गेले. त्याने संघर्ष मिटले असे कोणी म्हणणार नाही. खासगी आयुष्यातही सारे सुरळीत नव्हते. हेलनच्या दीर्घ आजारपणात पतिपत्नींत ताण आला आणि ज्या घरात सोडा-लेमनही पाप होते त्या घरातल्या या मुलाचे मद्यपान उतारवयात चिंता वाटावी इतके वाढले होते. हेलन 1979 मध्ये गेली. 1987 च्या आरंभी रॉजर्स पडले, कमरेचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली; पण हृदयविकाराच्या झटक्याने 4 फेब्रुवारी 1987 रोजी त्यांचे निधन झाले. वय 85.

त्यांच्या पश्चात या कामाने दोन दिशा धरल्या. शिकागोत तयार झालेल्या लॉरा राइस आणि त्यांचे शिष्य, मूळचे दक्षिण आफ्रिकेतील अभियंते लेस्ली ग्रीनबर्ग यांनी कॅनडात मुद्रित भेटींचा क्षणाक्षणाने अभ्यास केला. वरवरच्या रागाखाली दडलेली भीती किंवा दुःख कसे ओळखावे, ते बाहेर येताना काय करावे, याची पायरीपायरीने आखणी केली. रॉजर्स यांनी स्वभावावर सोडलेला भाग त्यांनी कौशल्य म्हणून शिकवला. भावनाकेंद्रित उपचार या नावाने ती शाखा आज ओळखली जाते.

दुसरी दिशा आपल्या दाराशी येते. जेथे मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, तेथे गावातल्याच माणसाला हे शिकवता येईल का? गोव्यात संगाथ या संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या प्रयोगात मानसशास्त्राची कोणतीही पदवी नसलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना मदत केली; त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्या उपचाराची पद्धत रॉजर्स यांची नव्हे, माणसाला पुन्हा कामाला आणि माणसांत आणण्याची होती. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत चाललेल्या 'विश्राम' प्रकल्पात नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले.

वणीच्या शेतकऱ्याचे कर्ज कोणी ऐकून घेतल्याने फिटत नाही. कापसाचा भाव, पाण्याची सोय, पीकविमा यांची जबाबदारी समुपदेशकावर ढकलणे ही शुद्ध पळवाट ठरेल आणि माणसाच्या परिस्थितीपेक्षा त्याच्या अंतरंगाकडेच पाहिल्याचा जो आक्षेप रॉजर्स यांच्यावर घेतला जातो तो येथे पुरेपूर लागू पडतो. पण ज्या घरात आशा कार्यकर्ती जाऊन बसते, त्या घरातला माणूस बोलायला लागला तर पुढचे अर्धे मिनिट तिच्याच हाती असते. तिला हे शिकवायला किती दिवस दिले जातात आणि दिवसभर दहा घरांचे ऐकून आल्यावर तिचे कोण ऐकते, हे प्रश्न शिकागोतील त्या केंद्रात 1946 मध्ये विचारले गेले होते. गोव्यातील प्रयोगात त्यांना एक उत्तर सापडले. तेथील समुपदेशक ठरल्या वेळी गोलाकार बसत, त्यांच्यापैकी एकाच्या भेटीचे ध्वनिमुद्रण लावत आणि मग एकमेकांच्या कामाला गुण देत.